फोनवर बोलून काय होणार?

आधी एका आईने पोस्टमध्ये विचारलेला प्रश्न थोडक्यात. मुलगा सात वर्षांचा, ऑटिझमचं निदान दोन वर्षांपूर्वीचं. अंबरनाथला वन-रूम-किचन, नवरा कंपनीत फिरत्या पाळीवर. गेला महिनाभर मुलगा रात्री दोनच्या सुमारास उठतो आणि भिंतीवर डोकं आपटतो. मागच्या आठवड्यात आईचा त्याच्यावर दोनदा हात उठला आणि तेव्हापासून तिला स्वतःचीच भीती वाटते. हेल्पलाइनला फोन करावा असं मनात येतं, पण नवरा म्हणतो, "फोनवर बोलून काय होणार? ते काय येऊन सांभाळणार आहेत का?" वर ही धास्ती, की मारल्याचं सांगितलं तर मुलाला उचलून नेतील.

ताई, तुमच्या नवऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. कुठलीही हेल्पलाइन रात्री दोनला माणूस पाठवून मुलाला सांभाळणार नाही. थेरपीची फी भरणार नाही, पाळी बदलून देणार नाही. ज्याला हे हवंय त्याने या अपेक्षेने फोन केला तर तो चिडूनच ठेवेल. पण तुमच्या पोस्टमध्ये तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत, आणि ते सोडवून वेगळे करण्याचं काम फोनवर चांगलं होतं. पहिला, मुलाचं वागणं महिन्याभरातच का बदललं. दुसरा, तुमची झोप आणि तुमचा हात. तिसरा, सांगितलं तर काय होईल ही भीती. दमलेल्या डोक्याला हे सगळं मिळून ‘आता माझ्याच्याने होत नाही’ एवढंच एक दिसतं, आणि त्यावर कुणाकडेच उत्तर नसतं. सुटे केले की एकेकावर काहीतरी करता येतं.

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण ती भीती गेल्याशिवाय तुम्ही फोन लावणार नाही.

समुपदेशकाला मूल ताब्यात घेण्याचा अधिकार नसतो. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाबाबतचा निर्णय जिल्ह्याची बाल कल्याण समिती घेते, आणि 2015 च्या बाल न्याय कायद्यातच लिहिलंय की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. थकलेल्या आईने ‘माझा हात उठला, पुन्हा उठू नये म्हणून फोन केलाय’ असं सांगणं हे लाइनवर रोज येणाऱ्या फोनपैकी एक आहे. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ती मदत मागणारी आई असते. गोपनीयतेचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलाय, पण त्याला मर्यादा आहेत आणि त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. कुणाच्या जिवाला किंवा शरीराला गंभीर धोका दिसला, तर तो टाळण्यापुरती माहिती पुढे दिली जाते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्याखाली ते कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, समुपदेशकावरही. मुलाला भाजलंय, हाड मोडलंय, रोज मार बसतोय असं ऐकलं तर चांगला समुपदेशक गप्प बसणार नाही, आणि बसूही नये. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुम्ही त्या टोकाला नाही. तरीही पहिल्याच मिनिटाला विचारून घ्या: "हे रेकॉर्ड होतं का? मी सांगितलेलं कुठल्या परिस्थितीत बाहेर जातं?" सरळ उत्तर न देणाऱ्याला नाव-पत्ता देण्याची घाई करू नका. नाव न सांगता बोलता येतं. जिल्हा मात्र सांगा, नाहीतर पुढचा पत्ता देता येत नाही.

आता कुठला नंबर. तुमच्यासाठी पहिला 14416, म्हणजे टेली-मानस. 1800-891-4416 हाही त्यांचाच. केंद्र सरकारने ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केली, बंगळुरूची निम्हान्स ही तिची प्रमुख समन्वयक संस्था. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज असेल तर मानसोपचार तज्ज्ञाकडे फोन वळवला जातो किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाचा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा रस्ता दाखवला जातो. ही लाइन फक्त ‘मानसिक रुग्णांसाठी’ असल्याचा समज मोडायला हवा. सांभाळणाऱ्याची झोप उडणं, चिडचिड, मारण्याची ऊर्मी हे सगळं तिच्याच कक्षेत येतं.

1098 ही मुलांसाठीची लाइन. 1996 मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून ती सुरू झाली. 2023 पासून ती केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली राज्य सरकारं चालवतात आणि ती 112 या आपत्कालीन नंबरला जोडली आहे. मूल हरवलं, घरात दुसरं कुणी त्याला मारतंय, शाळेत छळ होतोय, अशा वेळी ती. नवराच तुमच्यावर हात उगारत असेल तर 181 ही महिलांची हेल्पलाइन. डोक्याला मार लागून मूल बेशुद्ध पडलं, उलट्या सुरू झाल्या, झटका आला तर कुठल्याही हेल्पलाइनला नाही, थेट 108. सांभाळायला घरात लहान मूल नसून म्हातारं माणूस असेल, तर 14567 ही ज्येष्ठांची एल्डरलाइन आहे, पण ती सकाळी आठ ते रात्री आठ एवढीच चालते, रात्रीच्या संकटाला तिचा उपयोग नाही.

फोन लावल्यावर काय होतं हे माहीत नसल्यामुळेच पुष्कळ जण रिंग वाजताच ठेवून देतात. भाषा निवडायची, थोडं थांबायचं, मग माणूस बोलतो. बहुतेक वेळा पहिला प्रश्न असतो, "आत्ता मुलगा कुठे आहे? तुमच्याबरोबर कोण आहे?" ही उलटतपासणी नव्हे. त्या क्षणी दोघांपैकी कुणी धोक्यात आहे का, हे कळल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नसतो. दुसरा प्रश्न ऐकून पुष्कळ आया दचकतात: "स्वतःला संपवावंसं किंवा त्याला काही करावंसं मनात येतं का?" तो स्पष्ट शब्दांतच विचारायचा असतो. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; असेल तर बाहेर येतो. येत असेल तर हो म्हणा. ‘कधीकधी वाटतं, पण करणार नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे. त्यानंतर पाच-दहा मिनिटं तुम्ही बोलायचं, समुपदेशकाने ऐकायचं. मग तो तुमचंच म्हणणं तुम्हाला दोन वाक्यांत परत सांगेल. चुकीचं वाटलं तर तिथेच थांबवा. त्यातून एक गोष्ट निवडली जाते. एकच. फोन संपताना आज रात्री काय आणि उद्या कुणाकडे, एवढं तुमच्या हातात असायला हवं. नसेल तर ठेवण्याआधी मागून घ्या.

आता पहिला प्रश्न, आणि इथेच मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे. ऑटिझम दोन वर्षांपासून माहीत आहे, पण डोकं आपटणं महिन्याभरातलं. अचानक वाढलेलं वागणं ‘ऑटिझममुळे’ म्हणून सोडून द्यायचं नाही. बोलून सांगता न येणारं मूल दुखणं अंगाने सांगतं. सहा-सात वर्षांच्या वयात पक्क्या दाढा येतात आणि किडलेले दुधाचे दातही याच वयात ठणकतात. कानात संसर्ग असेल तर आडवं झाल्यावर दुखणं वाढतं, म्हणून त्रास रात्रीचा. बद्धकोष्ठता या मुलांत फार आढळते; चार दिवस शी झाली नाही तर पोटात दुखणारच. जेवणानंतर लगेच झोपवल्याने ॲसिड वर येणं हे आणखी एक कारण. अंगात लोह कमी असलं की झोप अस्वस्थ होते, पाय सारखे हलतात; मोजक्या चवींवर जगणाऱ्या मुलांत हे विशेष पाहावं लागतं, आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं. महिन्याभरात एखादं औषध नवीन सुरू झालंय का, की डोस वाढलाय? एकाग्रतेसाठी दिलं जाणारं काही औषध दुपारनंतर दिलं तर झोप उडते. आणि शेवटचं, ऑटिझम असलेल्या मुलांत फिट्सचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. डोकं आपटताना तो हाक मारल्यावर बघतो का, उशी मध्ये घातल्यावर थांबतो का, की डोळे एकटक आणि शरीर ताठ होतं? तीस सेकंदांचा मोबाईल व्हिडिओ काढून ठेवा. डॉक्टरांना तुमच्या अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा त्यातून जास्त कळेल.

हेल्पलाइनवरचा समुपदेशक यातलं काहीही तपासू शकत नाही. पण नीट विचारणारा असेल तर ‘केव्हापासून? अचानक की हळूहळू?’ या दोन प्रश्नांत तुम्हाला बालरोगतज्ज्ञाकडे वळवेल, आणि महिनाभर ‘आई म्हणून मी कमी पडते’ असं समजणारी बाई दुसऱ्या दिवशी मुलाचे दात दाखवायला जाईल. माझ्या मते फोनची सगळ्यात मोठी किंमत इथे आहे. सल्ला फार भारी मिळतो असं नाही. दमलेल्या माणसाला जो क्रम सुचत नाही, तो क्रम मिळतो.

फोन करण्याआधी एका कागदावर लिहा, म्हणजे रडू आलं तरी बोलणं भरकटणार नाही: मुलाचं वय आणि वजन, चालू औषधं, किती आणि किती वाजता, शेवटची शी केव्हा, रात्री किती वाजता उठतो, किती वेळ चालतं, त्याआधी काय झालं होतं आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत. ही शेवटची नोंद तीन-चार रात्रींची असली तर सोनं. ‘आधी–वागणं–नंतर’ असे तीन रकाने पुरतात. पुष्कळदा दिसतं की आपटणं शेजारच्या पंपाच्या आवाजाने सुरू होतं किंवा ते थांबवायला मोबाईल दिला जातो. दुसरं खरं असेल, तर मुलाने आपटलं की मोबाईल मिळतो असं गणित बसवलंय, आणि त्यावर काम करायला वागणुकीवर काम करणारा बिहेविअर थेरपिस्ट लागेल.

खर्चाचं कोडं असेल तर डीईआयसी, म्हणजे जिल्हा स्तरावरचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, याबद्दल फोनवर विचारा. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि उपचार सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत. थेरपिस्टच्या जागा भरलेल्या आहेत की नाहीत, आठवड्यातले कुठले वार, हे जिल्ह्याजिल्ह्यात बदलतं. जाण्याआधी चौकशी केली नाही तर अख्खा दिवस फुकट जातो. अपंगत्वाचं युडीआयडी कार्ड अजून काढलं नसेल तर तेही याच फेरीत सुरू करा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना ऑटिझमलाही लागू आहे, संरक्षण वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचाही काही खर्च बसतो. नवरा जुन्या करप्रणालीत आयकर भरत असेल तर अपंग मुलाच्या संगोपनासाठी 75,000 ची वजावट मिळते, अपंगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000. मन मोकळं करायला केलेल्या फोनवर हे विचारणं विचित्र वाटेल. विचारा. घरातली अर्धी चिडचिड पैशाची असते.

आता तुमचा हात. हात कधी उठतो हे तुम्हाला माहीत आहे: रात्री दोन ते चार, तिसऱ्या-चौथ्या सलग जागरणात. म्हणून योजना दिवसा, डोकं शांत असताना ठरवायची. त्याचं अंथरूण भिंतीपासून हातभर लांब ओढा. भिंतीच्या बाजूला जाड घडी केलेली गोधडी उभी ठेवा. आपटायला लागला की डोकं समोरून दाबून धरू नका, त्याने झटापट वाढते. मागून किंवा बाजूने तळहात किंवा उशी डोकं आणि भिंतीच्या मध्ये सरकवा. बोलणं कमी, आवाज खाली, दिवा मंद. अंगात राग चढल्याचं जाणवलं, म्हणजे जबडा आवळला, हात गरम झाले, की गॅसचा रेग्युलेटर बंद आहे ना, बाहेरच्या दाराची कडी लावलेली आहे ना हे बघून मोरीत जा, तोंडावर पाणी मारा, ऐकू येईल एवढ्या अंतरावर पाच मिनिटं थांबा. गोधडीवर आपटणाऱ्या मुलाला पाच मिनिटं एकटं ठेवणं हे त्याला मारण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. (हेच तान्ह्या बाळाच्या आईलाही लागू आहे: रडणं असह्य झालं तर बाळाला पाठीवर पाळण्यात ठेवून खोलीबाहेर पडा, बाळाला कधीही गदागदा हलवू नका, मेंदूला इजा होते.) पाच मिनिटांनीही राग उतरत नसेल, तर त्याच क्षणी 14416. अशा फोनला कारण सांगावं लागत नाही. "मला पुढची दहा मिनिटं कुणीतरी बोलायला हवंय" एवढं पुरतं.

एका खोलीच्या घरात फोन कुठून करायचा हा खरा अडथळा आहे, आणि तो कुणी विचारत नाही. गच्ची, जिना, शाळेच्या फाटकाबाहेरचा कट्टा, मुलाच्या थेरपीच्या वेळेतला बाकडा, यांतली एक जागा ठरवा. कुणी जवळ असेल तर सुरुवातीलाच सांगा, "मी फक्त हो-नाही बोलू शकते," मग ते तसेच प्रश्न विचारतात. घरात फोन तपासला जात असेल तर कॉल लॉगमधून नंबर पुसा. दिवसा, शांतपणे केलेला पहिला फोन रात्रीच्या फोनपेक्षा जास्त कामाचा असतो. रात्री फक्त तो क्षण सावरता येतो.

कुठे बिघडतं तेही सांगते. लाइन लागत नाही, मध्येच तुटते; पुन्हा लावा. दुसऱ्यांदा वेगळा माणूस उचलतो आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, याचा फार वैताग येतो. म्हणून पहिल्या फोनवर नोंदीचा क्रमांक मिळतो का आणि ते स्वतः परत फोन करतात का हे विचारा, आणि तो कागद जपून ठेवा. कधी समोरचा माणूसच कच्चा असतो. "सकारात्मक राहा", "आई आहात, सहन करायला हवं", "देवाचं नाव घ्या" असं पहिल्या दोन मिनिटांत ऐकू आलं तर आभार मानून ठेवा आणि दुसऱ्या पाळीत लावा. वरिष्ठांशी बोलायचंय असं सांगणंही उद्धटपणा नाही. समुपदेशक औषधाचं नाव सांगू लागला तर ते घेऊ नका. औषध डॉक्टरच देतात. केमिस्टकडून स्वतःहून मेलाटोनिन किंवा सर्दीचं झोप आणणारं सिरप आणून देणं तर नकोच, त्याने दुखण्याचं कारण झाकलं जातं.

आणखी एक धोका हळूहळू येतो. काहींना फोन करून इतकं बरं वाटतं की तो रोजचा होतो, आणि घरात मात्र काहीच हलत नाही. कुकरची शिट्टी होते, गॅस तसाच. तीन फोन झाले आणि डॉक्टर, थेरपिस्ट, शाळा, पालकांचा गट यांपैकी एकाही नव्या माणसापर्यंत पोचला नाहीत, तर चौथ्या फोनवर तेच बोलून दाखवा: "मला आज ऐकून घेणारं नको, पुढचा पत्ता हवाय." याच्या उलट, पंधरा दिवसांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, जेवण तुटलं असेल, मुलगा झोपला तरी तुम्हाला झोप येत नसेल, तर ते निव्वळ थकवा राहिलेलं नाही. तुमच्यासाठी वेगळी ओपीडी लागेल. उपचार फोनवर पुरे होणार नाहीत.

पाळीचं काय करायचं ते माझ्या हातात नाही, आणि नवऱ्याची कंपनी कशी आहे यावर फार काही अवलंबून आहे. पण ‘मदत करा’ म्हटलं की कुणी करत नाही, ‘रविवारी चार ते सहा तू त्याला बागेत ने, मी झोपणार’ म्हटलं की बरेच जण करतात. सासर-माहेर, शेजारच्या काकू, शाळेतल्या दुसऱ्या आई, कुणालाही सांगताना वार आणि वेळ बोला. आठवड्यातून एक सलग पाच तासांची झोप मिळाली तरी रात्री दोनला वेगळी माणूस उठते.

नवऱ्यासाठी एक सुचवते. दुसरा फोन तो घरी असताना स्पीकरवर लावा आणि ‘फोनवर बोलून काय होणार’ हा प्रश्न त्यालाच विचारू द्या. त्याच्या सुट्टीच्या दिवशी बालरोगतज्ज्ञाची आणि दातांच्या डॉक्टरांची वेळ ठरवा, तो व्हिडिओ त्याच्याच मोबाईलमध्ये ठेवा, आणि आत जाताना बोलायचं काम त्याच्याकडे द्या.